भिमाजीचं पान वगळलं

आरं, तू नुसतं ऐक, मधी बोलू नको. सत्त्याण्णव सालची गोष्ट. अवसरीजवळच्या मळ्यात ठकूबाई आन् तिचा दीर भिमाजी, दोघांत एकच इहीर. मंगळवार-बुधवार पाणी ठकूबाईचं, बाकीचे वार भिमाजीचे. नवरा गेल्यावर बाईनं एकटीनं कांदा लावला, तर ह्यो गडी लाईटीच्या तारंवर आकडा टाकून मंगळवार-बुधवारीबी मोटर चालू करायचा! रोपाचे शेंडे पिवळे पडले. अजून एक पाणी चुकलं आस्तं, तर कांदा गेलाच म्हणायचा.

ठकूबाई दारोदार सांगत हिंडली. कुणी हूं का चूं केलं न्हाई. मग काय, यात्रेच्या पंगतीत ती बुंदी वाढत व्हती. भिमाजीपाशी आली आन् परात तशीच पुढं नेली! भरल्या पंगतीत!

झालं राव! सकाळीच देवळाम्होरं बैठक. सावळेराम अण्णा सगळ्यांचा म्होरक्या.

"आकडा टाकतोय त्यो," ठकूबाई म्हणली.

"त्यो सरकारचा कायदा. आकडा कुणाचा न्हाई?" अण्णा बोलले, तशी सगळी खाली बघाया लागली.

"माझं पाणी चोरतोय!"

"ते पाप. त्याचं द्येव बघंल. पर पंगतीत पान वगळायचं? काय रीतभात हाय का न्हाई? हे मातर गावालाच बघाया पायजेल!"

निकाल लागला: ठकूबाईनं भिमाजीला घरी बोलवायचं, पंचांदेखत पाटावर बसवायचं आन् आपल्या हातानं वाढायचं.

"वाढते की," बाई म्हणली.

बाजरीची भाकर, कोरडा झुणका आन् ठेचा असा, की पंच नुसत्या वासानं शिंकले. डोईवर पदर, तोंडात साखर. "घ्या भावजी. आजून घ्या, लाजू नका."

"ह्याला म्हणत्यात रीत!" अण्णा खूश.

तेवढ्यात भिमाजीला ठसका लागला. डोळं तांबडं, नाकाला धार. "पाणी! पाणी!"

ठकूबाईनं तांब्या उचलला आन् लई आदबीनं इचारलं, "देते की भावजी. मंगळवारचं देऊ, का बुधवारचं?"

पंच एकमेकाकडं बघत्यात! कायदा मोडला म्हणावं तर न्हाई, उर्मट बोलली म्हणावं तर तेबी न्हाई. भिमाजीनं खोकत खोकत दोन बोटं वर केली. म्हंजी, दोन्ही वार तुझं.

"तोंडानं बोला भावजी. अण्णांना ऐकू जाऊ द्या."

त्याच्या तोंडातून आवाज फुटंना, आन् तांब्या अजून तिच्याच हातात. आता सांग गड्या, तू आस्तास तर दिला आस्तास का तांब्या?