घाईने पिकवलेली वाइन

बाबांना अल्सर झालाय, ही थाप आईने आणि धाकटीने इतक्यांदा मारली होती, की कधी कधी धाकटीलाच ती खरी वाटायची. डॉक्टरांनी दोघींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "फार तर काही महिने. त्यांना हवं ते खाऊपिऊ द्या." यातलं अक्षरही बाबांच्या कानावर जाता कामा नये, अशी शपथ आईने धाकटीला घातली होती.

बाबांना मात्र एकच गोष्ट हवी होती. निवृत्त होताना त्यांनी मद्यार्क घालून घराच्या छपराखाली पिंपात मुरत ठेवलेली गोड वाइन. आख्खा जन्म त्यांनी वाइनच्या कोठारात काढलेला. "ती पिकली की एक घोट घेईन, मग डोळे मिटायला मी मोकळा," असं हसत म्हणायचे. पण ती अजून लालभडक होती, अगदीच कोवळी.

धाकटी बाबांच्याच वाइन-कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. वाइन म्हातारी होते म्हणजे काय होतं, हे तिला तोंडपाठ. पिंपाच्या लाकडातून कणाकणाने हवा झिरपते. लाल रंग तुरट द्रव्यांना चिकटून तळाशी बसतो आणि वरची वाइन विटकरी, मग तपकिरी होत जाते. अक्रोडाचा, भाजलेल्या मेथीचा वास धरायला तर वर्षंच्या वर्षं लागतात. ऊब आणि हवा भरपूर दिली, तर मात्र काही आठवड्यांत काम भागतं.

तिने पिंपातून थोडी वाइन काढली, हवेला जागा राहावी म्हणून बरणी अर्धीच भरली आणि प्रयोगशाळेतल्या गरम पेटीत ठेवली. काही आठवड्यांत लाल रंग उतरला, अक्रोडाचा वास आला, आणि पोरगी इतकी हरखली की पुढचा विचार करायचंच राहून गेलं.

"बाबा, तुमची वाइन! छपराखाली उकडतं ना, लवकर पिकली," पेला पुढे करत ती म्हणाली.

बाबांनी पेला उजेडात धरला. खूश झाले. एक घोट तोंडात घोळवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वास आहे," ते म्हणाले, "पण मागून करपट लागतंय. दारू वेगळी, साखर वेगळी, मुरलीच नाहीत एकमेकांत. आढीत घालून पिकवलीस ना गं?"

"बाबा, मी फक्त..."

"वाइनची घाई करायची नाही, हे तुला मीच शिकवलं. तू ते विसरणारी नाहीस." त्यांनी पेला पुन्हा उजेडात धरला. "मग एवढी कसली घाई होती?"

आईने जिवापाड जपलेलं गुपित तिने लाडाकोडाने पेल्यात ओतून त्यांच्या हातात दिलं होतं.

"किती दिवस म्हणाले डॉक्टर?"

ती रडायला लागली. बाबांना तेवढं पुरलं.

तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. "काय हो, कशी झालीय? आणि ही का रडतेय?"

"बापाने कधी नव्हे ते कौतुक केलं ना, म्हणून," बाबा म्हणाले. "फक्कड झालीय. अगदी वेळेवर." आणि उरलेली वाइन त्यांनी एका दमात संपवली.

आईने त्यांच्या पाठीमागून धाकटीकडे बघून मान हलवली, जणू म्हणत होती, त्यांना काही कळलं नाही, सुटलो. धाकटीने डोळे पुसले आणि तिनेही मान हलवली.