गुड्रुनने न लावलेला फोटो

गुड्रुन मूळची जर्मनीतल्या ब्रेमेनची. तरुणपणी फोटो काढत फिरत फिरत आयर्लंडमधल्या स्लायगोला आली आणि इथलीच होऊन गेली. पुढारी, लग्नं, समुद्रावरचे सूर्यास्त यांच्याकडे तिने कधी कॅमेरा वळवला नाही. न्हाव्याच्या खुर्चीत डुलकी लागलेला म्हातारा, बसस्टॉपवर बूट काढून तळवे चोळणारी नर्स, पाऊस आला म्हणून दोरीवरचे कपडे घाईने ओढणारी बाई, असले फोटो ती आयुष्यभर काढत आली. आपल्याकडे कुणी बघत नाहीये असं वाटतं तेव्हाच माणूस खरा दिसतो, असं ती म्हणायची.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि तिचं कामच बसलं. न्हावी बंद, पब बंद, कुणाच्या स्वयंपाकघरात शिरणं बंद. घरापासून फार लांब जायचीही सोय नाही. त्यातच गावातल्या एका कलामंडळाने तिला कोविडकाळावर प्रदर्शन करायला सांगितलं. आयोजकांना हवी होती खिडक्यांना चिकटवलेली इंद्रधनुष्यं आणि दारात उभं राहून टाळ्या वाजवणारे शेजारी.

"टाळ्या!" मागच्या अंगणातल्या बुटक्या भिंतीपलीकडून ती मेधाला सांगायची. "कॅमेरा दिसला की पुन्हा वाजवून दाखवतात."

मेधा आणि उपेंद्र तिचे शेजारी, नागपूरचे. उपेंद्र वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर, त्यामुळे त्याचं कामावर जाणं चालूच होतं. मेधा सॉफ्टवेअरवाली. तिचं ऑफिस आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं होतं. गुड्रुनने विचारलं तेव्हा तिने आनंदाने सांगितलं, "काढा की खिडकीतून, हवे तेवढे." पण गुड्रुन भिंतीशी आली की मेधाचा हात आपोआप केसांकडे जायचा.

"मी नाहीच असं समज ना," गुड्रुन वैतागायची.

"कसं समजू? समोर उभ्या आहात तुम्ही!"

वर्षभर हेच चाललं. दर वेळी गुड्रुन कॅमेरा खाली करून बडबडत घरात जायची.

मग २०२१ च्या एप्रिलमध्ये मेधाचे बाबा नागपुरात कोविडने गेले. तिला तिकडे जाणं शक्यच नव्हतं. तिचा भाऊ राजीव पीपीई किट घालून घाटावर फोन धरून उभा होता आणि मेधा इथे लॅपटॉपसमोर. चित्र सारखं अडकत होतं. "राजीव, दिसत नाहीये रे! फोन वर धर!" ती ओरडत राहिली. दिसायला लागलं तोवर अग्नी दिलेला होता.

आठवडाभराने गुड्रुन भिंतीशी आली. तिच्या हातात एक फोटो होता.

"तुझी परवानगी खिडकीची होती, त्या दिवसाची नव्हती," ती म्हणाली. "म्हणून दाखवायला आणलाय."

फोटोत मेधा होती, चुरगळलेल्या गाऊनमध्ये, लॅपटॉपवर वाकलेली. पडद्यावर नुसता पांढरा उजेड. मागे उपेंद्र. त्याचा एक हात तिच्या पाठीवर होता आणि दुसऱ्या हाताने तो कुकरखालचा गॅस बंद करत होता.

मेधाचा आवाज चढला. "माझ्या बाबांना जाळत होते तिथे, आणि तुम्ही फोकस करत होतात?"

"हो," गुड्रुन म्हणाली. "दुसरं काय करावं ते कळलं नाही मला." आणि तरीही तिने विचारलंच, "वर्षभरात हा एकच खरा फोटो मिळालाय. लावू प्रदर्शनात?"

"नाही."

गुड्रुनने खिशातून निगेटिव्ह काढली आणि फोटोसोबत भिंतीवर ठेवली. "मग हीही घे. माझ्याकडे राहिली तर मी रोज विचारत बसेन."

त्या संध्याकाळी मेधा कात्री घेऊनच बसली होती. तेवढ्यात कामावरून आलेल्या उपेंद्रने फोटो हातात घेतला. "गॅस मी बंद केला होता?" तो म्हणाला. "मला आठवतच नाही गं." मेधाने कात्री खाली ठेवली.

जूनमध्ये, कायमच्या बंद पडलेल्या दुकानांच्या काचांमागे प्रदर्शन लागलं. मेधा पाहायला गेली. शेवटी गुड्रुनने आयोजकांना हवं तेच दिलं होतं: इंद्रधनुष्यं, टाळ्या, हसरे चेहरे. भुरभुर पावसात गुड्रुन टोपी ओढून उभी होती आणि येणारा-जाणारा तिला "लव्हली, लव्हली" म्हणत होता.

"आयुष्यभर हेच टाळलं मी," ती दात-ओठ खात म्हणाली. "आणि आता यालाच माझं काम म्हणतायत."

"तो फोटो मी फाडला नाही," मेधा म्हणाली. "राजीवला पाठवला. त्याने विचारलं, उपेंद्र एवढा बारीक कधी झाला."

गुड्रुन एकदम हसली. मग लगेच तिचा चेहरा पडला. "हेच! हेच लोकांनी बघायला हवं होतं, मेधा."

"माहितीये मला. पण मी देणार नाही."

गुड्रुनने मान हलवली. त्या हलवण्यात समजूत नव्हती, नुसता थकवा होता. मेधाला तिचं वाईट वाटलं, थोडा रागही आला. पण आपलं उत्तर बदलावंसं वाटलं नाही. दोघी घराच्या दिशेने चालू लागल्या.