शेडची किल्ली

सासऱ्यांनी विसाव्यांदा दोरी ओढली. गवत कापायच्या मशीनने एक ढेकर दिला आणि पुन्हा मौन धरलं. सून पाण्याचा ग्लास घेऊन शेडच्या दारात उभी होती.

"बाबा, बसा जरा."

"बसायला काय झालंय मला?"

झालं होतं. गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला, एकदा नळ वाहत राहिला, आणि मुलाने त्यांच्याकडच्या किल्ल्या एकेक करून काढून घेतल्या. उरली होती फक्त शेडची. "मी येईपर्यंत मशीन सुरू झालं तर ही किल्ली तुमची. नाहीतर शेडला माझं कुलूप," असं बजावून तो सकाळी कामावर गेला. जन्मभर इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसाला असं बोलणं सुनेला मुळीच आवडलं नाही. पण दोन्ही वेळा गॅस तिनेच बंद केला होता, म्हणून तिची जीभ रेटली नाही.

"इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, ठिणगी, हवा," सासरे म्हणाले. शिळं पेट्रोल काढून ताजं भरून झालं होतं. प्लग घासून पाहिला, ठिणगी पडत होती. मग पुन्हा पेट्रोल, पुन्हा ठिणगी. तिसऱ्या गोष्टीकडे काही ते वळेनात.

"आणि हवा?"

"फिल्टर मी स्वतः धुऊन बसवलाय. तिकडे बघायचं कारण नाही."

पण प्लग दर वेळी चिंब होऊन बाहेर येत होता. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, जळत नव्हतं. सासरे हात धुवायला गेले तेवढ्यात तिने फिल्टरचं झाकण उघडलं. फिल्टर स्वच्छ होता. त्यामागच्या, हवा आत जायच्या तोंडात मात्र एक करडा मोजा ठासून बसवला होता.

मशीन ठेवून देताना उंदीर शिरू नयेत म्हणून ते तोंड बुजवायचे, हे तिला ठाऊक होतं. काढायला मात्र ते कधी विसरले नव्हते. याच मोज्यासाठी त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि "तुझं वॉशिंग मशीन मोजे खातं" म्हणून तिच्यावर ठपकाही ठेवला होता. तिला हसू आलं, आणि मग गॅस आठवला.

तिने मोजा खिशात कोंबला, झाकण लावलं, प्लग कोरडा करून बसवला.

"आता ओढा, बाबा."

दुसऱ्या ओढीला मशीन धडधडायला लागलं. सासऱ्यांनी दुपारपर्यंत सगळं अंगण कापून काढलं.

"काय झालं होतं?" संध्याकाळी मुलाने विचारलं.

"पेट्रोल शिळं होतं," ती चटकन म्हणाली.

"बरं. ठेवा मग किल्ली तुमच्याकडेच," तो वडिलांना म्हणाला. सासऱ्यांनी किल्ली खिशात टाकली.

जेवणं झाल्यावर ती ओटा पुसत असताना ते स्वयंपाकघरात आले. त्यांनी टेबलावर दुसरा करडा मोजा ठेवला, आणि त्यावर शेडची किल्ली.

"जोडी लाव. तो दिवसभर तुझ्या खिशातून लोंबतोय," ते म्हणाले. "आणि ही तुझ्याकडे राहू दे. मी मागेन तेव्हा दे, आणि माझ्याबरोबर ये."