थोडीशी जागा

नविनने ती पॉलिसी लिहिली तेव्हा त्याला कोणी टोकलं असतं, तर त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, यात अन्याय कुठे आहे ते शोधून दाखवा. डहाणूतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. बाप बोटीवर जाणारा, आई सुके बोंबील विकणारी, आणि हा शिकला, एसीत बसला, सर झाला. माणसाला लोक सर म्हणायला लागले की नियम करायची हौस आपोआप येते. ती त्यालाही आली.

निमित्त घडलं नव्या स्टोरेजचं. सगळ्या विभागांच्या फायली, रिपोर्ट, एक्स-रे एकाच मोठ्या यंत्रात साठवायचे आणि डहाणूपासून तलासरीच्या उपकेंद्रापर्यंत ज्याने त्याने आपल्या टेबलावरून वापरायचे, असं ते होतं. यंत्र आलं आणि मागणारेही आले. दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या हिना मॅडम वैतागून आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या,

"नविनभाई, रोज कोणीतरी केबिनमध्ये येऊन जागा मागतं. एकदाच काय तो नियम करून टाका ने. कोणाला किती, भरली तर काय, सगळं."

नविनने आठवडाभर खपून नियम केले. जो जेवढी मागेल आणि कारण देईल त्याला तेवढी जागा. भरली की कुलूप, मग ज्याची जागा त्याने जुनं काढून नवं ठेवावं. मोठ्या जागांची दुसरी प्रत वेगळी ठेवायची, लहान जागांची नाही, कारण सगळ्यांची परवडत नाही. कागद लॅमिनेट करून त्याने प्रत्येक खोलीत लावला.

जागावाटपाच्या मीटिंगमध्ये हिशेबवाल्या सुनिलने एवढं मागितलं की जणू साऱ्या जिल्ह्याचा हिशेब तोच ठेवतो. औषधवाले, लॅबवाले कोणी मागे राहिलं नाही. पंगतीत जिलबीवाला आपल्यापर्यंत येईतो परात रिकामी होणार, अशा घाईने सगळे बोलत होते. सर्वांत शेवटी खुर्ची होती तलासरीच्या निर्मलाची. उपकेंद्रात एक्स-रे काढणारी ती एकटीच. तिची पाळी आली तेव्हा ती पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "आमाला काय सर, थोडीशी द्या. आधी बाकीच्यांचं बघा."

नविनला हायसं वाटलं. एक तरी शहाणं माणूस भेटलं, म्हणून त्याने थोडीशी जागा लिहून टाकली आणि चहा मागवला.

आता, या भागात पाहुणा पहिल्या खेपेला 'हो' म्हणत नाही हे नविनला कोणी शिकवायला नको होतं. त्याची आई पाहुण्याच्या 'बस, बस'वर माशाचा तळलेला तुकडा ठेवूनच पुढे सरकायची. दोनदा आग्रह झाल्याशिवाय कोणी खरी भूक सांगत नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं. पण ते घरी. ऑफिसात माणूस बोलतो तेच त्याला हवं असतं, असं त्याने धरलं. सोयीचं होतं म्हणून धरलं.

चैत्रात तो बायकापोरांना घेऊन विवळवेढ्याच्या जत्रेला गेला होता. पाळण्याच्या रांगेत उभा असताना निर्मलाचा फोन आला. पिपाण्यांच्या गोंगाटात तिचं अर्धंच ऐकू आलं. जागा भरली, नवे फोटो शिरत नाहीत, पेशंट बाहेर बसलेत, काय करू.

"पॉलिसी वाचा ना, ताई! भिंतीवर लावलीय. जुनं काढा."

"जुनं काढू? चालेल सर?"

"सांगितलं ना, काढा!" म्हणून त्याने फोन खिशात टाकला आणि पोराला पाळण्यात बसवलं.

तिने काढलं. त्यात चिकूच्या वाडीवर कामाला जाणाऱ्या गंगीचा मागच्या वर्षीचा छातीचा फोटोही गेला. पावसाळा सरल्यावर गंगी पुन्हा खोकत आली. नव्या फोटोत फुप्फुसावर डाग दिसला. बाहेरून येणारे छातीचे डॉक्टर म्हणाले, मागचा फोटो दाखवा. डाग तेव्हाही असला तर जुनी खूण, घाबरायचं कारण नाही. नसला तर मुंबईला नेऊन सुईने तपासणी करावी लागेल. मागचा फोटो नव्हता. दुसरी प्रत ठेवलेली नव्हती, कारण तलासरीची जागा लहान होती.

चौकशी बसली. टेबलाच्या त्या बाजूला ट्रस्टची माणसं, या बाजूला निर्मला. नविन प्रोजेक्टरजवळ.

"पेशंटचे फोटो काढून टाकायला कोणी सांगितलं तुला?" हिना मॅडमनी विचारलं.

निर्मलाने एकदा नविनकडे पाहिलं, एकदाच. तिला वाटलं असणार, आता सर सांगतील. नविनच्या जिभेवर शब्द आलाही. पण समोर ट्रस्टची माणसं होती, आणि त्यातल्या एकाने नुकतीच त्याच्या पॉलिसीची तारीफ केली होती. तो वाकून प्रोजेक्टरची वायर बघू लागला. वायरला काहीही झालं नव्हतं.

"मीच काढले," निर्मला म्हणाली.

तिला कामावरून थांबवलं. त्या दिवसापासून नविनला लाज वाटायला लागली, ती जेवताना वाटे, आंघोळीला वाटे. लोकांनी 'सर' म्हटलं की चिमटा काढल्यासारखं होई. बायकोला सांगावं म्हटलं तर धीर होईना. लाज अशी चीज आहे की ती माणसाला खरं बोलायला लावत नाही, उलट अजून गप्प बसवते.

आणि दैव म्हणा, ऑफिस म्हणा, निर्मलाकडचा लॅपटॉप आणि पासवर्ड परत आणायला त्यालाच पाठवलं गेलं.

तलासरीच्या आत, पाड्यावरचं तिचं घर. निर्मला दारातच भेटली आणि हळू आवाजात म्हणाली, "आईला काय बोलू नका. सुट्टी हाय सांगितलंय." एवढ्यात तिची आई बुधीबाई बाहेर आली. दवाखान्यातले सर आलेत म्हटल्यावर तिने त्याला हाताला धरूनच आत नेलं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण समोर आलं.

"खा बाबा. तुमच्या दर्याचेच बोंबील हायत, बाजारातून आणलेले."

नविनने अर्धी भाकरी कशीबशी उतरवली आणि ताटावर हात आडवा धरला. "बस, मावशी."

बुधीबाईने त्याचा हात बाजूला केला आणि दुसरी भाकरी वाढली. "बस कोण म्हणतंय? पोट का लाज?"

ती सहज बोलली होती, प्रत्येक पाहुण्याला बोलत असेल. पण नविनचा हात ताटातच राहिला. थोडीशी द्या, म्हणालेली निर्मला त्याला दिसली. त्या खोलीत एकानेही तिला, अगं नीट सांग, किती लागेल, असं विचारलं नव्हतं. तो मच्छीमाराच्या घरात वाढला होता, पाहुण्याला उपाशी उठवणं हे पाप मानणाऱ्या घरात, आणि त्याने तिला उपाशी उठवलं होतं.

त्याने डाव्या हाताने फोन काढला आणि तिथेच बसून हिना मॅडमना लावला.

"मॅडम, ते फोटो निर्मलाताईंनी माझ्या सांगण्यावरून काढले. त्यांनी मला फोन करून विचारलं होतं. जागा कमी पडली तीही माझ्याच नियमामुळे, आणि दुसरी प्रत नव्हती तीही."

पलीकडे मॅडमनी केबिनचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"चौकशीच्या वेळी तुम्ही तिथेच होतात ने?"

"होतो."

"मग?"

"लाज वाटली."

"आणि आज नाही वाटत?"

"आज जास्त वाटतेय."

"लॅपटॉप तिथेच राहू दे," मॅडम म्हणाल्या. "तिला उद्यापासून यायला सांगा. तुमचं काय ते उद्या बघू."

बुधीबाई एकदा लेकीकडे, एकदा पाहुण्याकडे बघत राहिली. निर्मला कुडाला टेकून उभी होती. तिने आभार मानले नाहीत, आणि नविनला ते बरंच वाटलं.

"एक मागू का, सर?" ती म्हणाली.

"मागा ना."

"गंगीबाय मुंबईला जात नाय. म्हणते, दवाखान्याने माझा फोटो दडवला, म्हणजे आत वाईट होतं. माझं ऐकत नाय, तिच्या लेखी मीच दडवणारी. तुम्ही चला. दडवला नाय, पुसला, हे सांगा. आणि कोणी पुसला तेही सांगा."

थोडीशी नव्हे, या बाईने पहिल्यांदाच पुरेसं मागितलं होतं. नविनने ताट संपवलं, हात धुतला आणि तिच्यामागून निघाला.

गंगीचं घर ओहोळापलीकडे. खोकला दुरूनच ऐकू येत होता. तिच्या नवऱ्याने, पांड्याने, अंगणात बाज टाकली. नविन बसला नाही. निर्मला बाजूला सरून उभी राहिली.

"गंगीबाई," तो म्हणाला, "तुमचा मागचा फोटो कोणी दडवला नाही. मी पुसायला लावला. त्यात काय होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून मुंबईला जा. मी येतो बरोबर."

गंगीने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. "का पुसला?"

"जागा भरली होती."

तिने त्यावर विचार केला. मग आपल्या छातीवर हात ठेवून, खरंच कळावं म्हणून तिने विचारलं, "एवढा मोठा होता काय माझा फोटो?"

"नव्हता," नविन म्हणाला.