बिनतंट्याचं घर

हरभरा काढून झाला त्याच आठवड्यात गोजराबाईनं वावरात जाऊन चुन्याच्या फक्कीनं एक चौकोन आखला. दोन खाटा, एक चूल आणि चार माणसं टेकतील एवढी जागा, बस. मग ती त्या चौकोनाच्या मधोमध उभी राहिली, चहूकडे पाहिलं आणि एकटीच हसली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, "अवो, मी वावरात एक खोली बांधून राह्यली. राहायले येता का?"

रामराव बशीतला चहा फुंकत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोनं आपल्याला असं कुठं राहायला बोलावल्याचं त्यांना आठवेना.

"आन मी नाई म्हनलो तं?"

"तं एकच खाट टाकीन."

रामरावांनी बशी खाली ठेवली. "दोन टाक," ते म्हणाले.

सामानाची ओढाताण नव्हती. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तेव्हापासून वावरातला गुरांचा कोठा रिकामाच पडला होता. त्याच्याच विटा आणि त्याचीच टिनं. रिसोडहून अशफाक मिस्त्री मोटारसायकलवर आपली थापी-ओळंबा घेऊन आला. त्यानं चौकोन पाहिला आणि पहिल्यांदा पाय आपटून माती पाहिली.

"काकी, ही काळी माती हाय. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. घर नाचन तुमचं. खोल खंदू, मुरूम भरू, मंगच विटेले हात लावू."

"नाचलं तं नाचलं," गोजराबाई म्हणाली. "पन पडू नोको देऊ."

अवघड होतं ते घरी. गोलू त्यांचा एकुलता एक मुलगा. चाळिशीला टेकला, रिसोडात त्याचं खताबियाण्याचं दुकान होतं, तरी गावाला तो गोलूच. त्यानं हौसेनं स्लॅबचं घर बांधलं होतं, टाइल्स लावल्या होत्या. आईचा बेत ऐकून तो जेवता जेवता उठून गेला. सून राखी ओट्याशी उभी राहून हळूच म्हणाली, "आई, माह्यं काही चुकलं का?"

"नाई वं. तुह्यं काहीच नाई चुकलं."

पण गावानं आपल्या मनानं ठरवून टाकलं होतं. पोरानं म्हाताऱ्यायले बाहेर काढलं. पाया खणून व्हायच्या आत ही बातमी रिसोडच्या बाजारात पोचली. युरिया घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पिशवी खांद्यावर टाकता टाकता गोलूला म्हणालं, "गोलूभाऊ, मायबापाले असं नाई करा लागत." गोलूचा चेहरा खर्रकन उतरला.

समजूत घालायला सगळ्यात आधी आली प्रयागबाई, रामरावांची थोरली बहीण. कारंज्याहून एस.टी. बदलत ती सरळ वावरात येऊन उतरली. हातात पिशवी, डोळ्यात पाणी आणि तोंडात गोलूसाठी शिव्या.

"कुठं हाय तो गोलू? माह्या भावाले म्हातारपनी वावरात टाकते काय?"

"बाई, कोनी नाई टाकलं," गोजराबाई म्हणाली. "मीच येऊन राह्यली."

"तू त्याले पाठीशी नोको घालू, गोजरे!"

"नाई घालत. पन बोलता बोलता हा पाइप धरा. भिंतीले पानी मारा लागते, नाई तं माल कच्चा राह्यते."

प्रयागबाईनं पाइप धरला. शिव्या देत देत तिनं पूर्वेची भिंत भिजवली, मग दक्षिणेची. पाण्याचा जोर बोटानं कमीजास्त करता येतो हे तिला समजलं, तशा शिव्या विरळ होत गेल्या. दुपारी तिनं पदर खोचला आणि अशफाकला म्हणाली, "काहून रे, ही भिंत मले वाकडी दिसून राह्यली." अशफाकनं ओळंबा लावून दाखवला. भिंत सरळ होती. प्रयागबाईनं तरी एका डोळ्यानं खात्री केली.

तिसऱ्या पहरी तंटामुक्ती समिती आली. अध्यक्ष किसनसिंग आणि दोन सदस्य, तिघंही इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात. किसनसिंगांनी बांधावर उभं राहून घसा साफ केला.

"रामरावभाऊ, घरातलं भांडन घरात मिटलं पाह्यजे. तुमची तक्रार सांगा."

रामराव माल कालवत होते. त्यांनी फावड्यावर हात ठेवून विचार केला. "तक्रार म्हनजे, ही मले बिडी पिऊ देत नाई."

"पोराबद्दल सांगा."

"पोरगं चांगलं हाय."

"सून?"

"ती तं त्याच्याहून चांगली."

सदस्यांनी एकमेकांकडं पाहिलं. किसनसिंग चिडले. "तंटाच नाई, तं मंग आमी कायले आलो?"

"विटा द्यायले," अशफाक भिंतीवरून म्हणाला. "मी वर चढून राह्यलो, खालून द्यायले मानूस पाह्यजे. तुमी तिघं जन हाय, रांग बरोबर बनते."

प्रयागबाई फस्सकन हसली. तिचं हसू पाहून सदस्य हसले आणि मग किसनसिंगांनाही आवरलं नाही. त्यांनी बाह्या दुमडल्या. ऊन कलेपर्यंत विटा हातोहात वर जात राहिल्या. पांढरे कपडे विटकरी झाले. जाताना किसनसिंग बजावून गेले, "उद्या सकाळीच येतो. दरवाजाची चौकट मी बसवन. माह्या घरची मीच बसवली व्हती."

असं होऊ लागलं. समजूत घालायला जो येई, त्याच्या हातात घमेलं येई. घर भराभर वर चढलं.

टिनं चढवायच्या दिवशी गोलू आला. दुकान बंद करून, तसाच. गाडी बांधावर आडवी टाकली आणि आईला बाजूला घेऊन गेला.

"माय, मले खरं सांग. राखी काही बोलली?"

"नाई."

"मी बोललो?"

"नाई रे."

"मंग घरात कमी काय हाय? तुमच्या खोलीले कूलर लावला. फ्रीज हाय. लोक मले तोंडावर बोलून राह्यले, माय. मी काय असा हाव का?" त्याचा आवाज फाटला.

गोजराबाई उरलेल्या विटांच्या ढिगावर बसली. त्यालाही हाताला धरून बसवलं.

"गोलू, मी लगन होऊन आली, तई ते सासूचं घर व्हतं. मिठाची बरनी कुठं ठेवाची, ते ती सांगे. आता घर राखीचं हाय. तिनं तिच्या मनानं मांडलं, अन् ते बरोबरच हाय. तिनं कायले माह्या मनानं चालावं? पन मलेही एकदा ठरवाचं हाय ना, बरनी कुठं ठेवाची."

गोलूनं पायाशी पडलेला विटेचा तुकडा उचलला.

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग हे घरी नाई सांगता येत व्हतं?"

"सांगितलं असतं, तं तू मले किचनमंदी एक फळी ठोकून देली असती."

गोलूला एकदम हसू आलं. "देली असती," तो कबूल झाला. "स्टीलची."

"गोलूभाऊ," वरून अशफाक ओरडला, "बोलनं झालं असन तं पत्रा धरा! हवा सुटून राह्यली."

गोलूनं दुकानाचे बूट काढले आणि शिडी चढला. संध्याकाळी राखी स्कूटीवर डबा घेऊन आली, तेव्हा नवरा टिनावर पालथा पडून बोल्ट आवळत होता आणि खालून प्रयागबाई त्याला सूचना देत होती. राखीनं डबा ठेवला. खोलीत गेली, भिंतींवरून हात फिरवला, खिडकीशी थांबली.

"आई, खिडकीले निळा रंग लय छान दिसन."

गोजराबाईनं खिडकी पाहिली. मान तिरपी करून पुन्हा पाहिली.

"हिरवा," ती म्हणाली.

राखी खळखळून हसली. "हिरवा तं हिरवा! घर तुमचं हाय."

दुसऱ्या दिवशी हिरव्या रंगाचा डबा तीच घेऊन आली आणि खिडकीही तिनंच रंगवली. काम करता करता तिनं सासूला सांगितलं की इतके दिवस तिला रडू येत होतं, आणि आता हेवा वाटतोय. गोजराबाईनं तिच्या गालावरचा रंग पदरानं पुसला.

गुढीपाडव्याला म्हातारा-म्हातारी राहायला आली. गावजेवण नव्हतं, पण ज्यानं ज्यानं वीट उचलली होती तो आला, आणि पुरणपोळी बांधावर बसून खाल्ली. किसनसिंगांनी प्रत्येकाला चौकट दाखवली. रामराव आपल्या खाटेवर आडवे झाले ते पाहुणे असतानाच घोरू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई चुलीपुढं बसली होती. चहा उकळत होता. दार उघडंच होतं. बाहेर स्कूटी थांबली, चपला काढल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. गोजराबाईनं मान वळवून पाहिलं. राखी उंबऱ्याबाहेर उभी होती.

"आई, आत येऊ का?"

जन्मात कुणी गोजराबाईला हे विचारलं नव्हतं. तिनं आधणात आणखी एक कप पाणी टाकलं, साखर टाकली.

"ये ना वं," ती म्हणाली. "ये, बस."