मामांवर हरकत

आपल्या माणसाच्या प्रकरणात आपण निकाल द्यायला बसू नये, हा नियम वेदिकाने झोपेतही धडाधड सांगितला असता. लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला कामिनी मॅडम सार्वजनिक कायद्याचा पाया शिकवायच्या आणि हा नियम त्यांनी वर्गाकडून इतका घोटून घेतला होता, की कॅन्टीनमध्ये समोशाचे वाटे करतानाही पोरं तो एकमेकांच्या अंगावर फेकायची. पाठ करायला काय जातं? पुढ्यात येऊन बसला की कळतं.

आज तो पुढ्यात येऊन बसला होता. मूट कोर्टाची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खोट्या खटल्याची, अंतिम फेरी होती. खटला खोटा असला तरी बक्षीस खरं होतं : जिंकणाऱ्याला हायकोर्टातल्या एका मोठ्या वकिलांकडे दोन महिने काम. समोरच्या बाजूच्या मोहितचे वडील वकील, आजोबा वकील. त्याला हे दार बंद झालं तरी दुसरं उघडं होतं. उमरेडला हातमाग चालवणाऱ्या रुपरावांच्या पोरीला, वेदिकाला, हे एकच दार दिसत होतं. त्यासाठी सीताबर्डीच्या बाजारातून काळा कोट आणला होता आणि मनीषनगरच्या खोलीत आरशासमोर महिनाभर युक्तिवाद घोकला होता.

आणि सभागृहाबाहेरच्या फलकावर परीक्षकाचं नाव होतं : निवृत्त जिल्हा न्यायाधीश शरच्चंद्र भोयर. वेदिकाने आईला फोन लावला.

“आई, आज जज म्हणून भोयरमामा हायेत.”

“शरदभाऊ? अवं, मंग तर देवच पावला!” पलीकडची मागाची खटखट थांबली. “थांब, मी लावते त्यायले फोन.”

“अजिबात लावू नको! मी सांगणार हाये त्यायले, बाजूले व्हा म्हणून.”

“काहून वं? डोकंबिकं फिरलं काय तुयं? लोकं ओळख काढाले मरतेत, अन् तू हातची सोडून राहिली!”

आईच्या, म्हणजे प्रेमिलाच्या, माहेरगावातला प्रत्येक पुरुष वेदिकाचा मामाच होता, तशी रीतच होती. पण भोयरमामांना सख्खी बहीण नव्हती, म्हणून भाऊबीजेला प्रेमिलाच त्यांना ओवाळायची. पोरीला कायदा शिकव, हेही त्यांनीच सुचवलेलं. रक्ताचं नातं नाही, कागदावर तर नाहीच नाही. गप्प बसली असती तर कोणाच्या बापाला कळणार होतं? दोन मिनिटं तिला हा विचार फार गोड वाटला, हे कबूल केलं पाहिजे. मग तिने हातातली फाइल उघडली. निवड समितीवर उमेदवाराचा मेव्हणा बसला म्हणून निवड रद्द करा, असं तिला आज मांडायचं होतं. कोणत्या तोंडाने मांडणार होती?

मामा आत आले, सगळे उभे राहिले. त्यांची नजर वेदिकावर क्षणभर टेकली आणि फाइलकडे वळली. ओळख त्यांनी दिली नाही.

“सर, सुरुवातीलाच माझी एक हरकत आहे,” वेदिका म्हणाली. “तुमच्यावरच. माझी आई तुम्हाला भाऊबीजेला ओवाळते.”

सभागृहात खसखस पिकली. कामिनी मॅडमनी चष्मा काढला. मामांनी मोहितकडे पाहिलं.

“तुमचं काय म्हणणं?”

“माझी हरकत नाही, सर,” मोहित ऐटीत म्हणाला. पोरगा हुशार होता. इतकं उघड झाल्यावर मामा भाचीला हात राखूनच गुण देणार, हे त्याने ओळखलं होतं.

“समोरच्याची हरकत नाही. मग तुम्हाला कसली भीती?”

“सर, आज मी जिंकले तर मी जिंकले की तुम्ही जिंकवलं, हे मला जन्मात कळणार नाही.”

मामांनी पेन खिशाला लावलं. मग उठले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. खुर्चीवर कामिनी मॅडम आल्या. त्यांच्याकडून साठाच्या वर गुण काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

वेदिका झकास बोलली. आरशासमोरही इतकं चांगलं बोलली नव्हती. पण शेवटी मॅडमनी विचारलं, “लहान गावात सगळेच एकमेकांचे मामा नाहीतर मेव्हणे. मग समितीवर बसायचं कोणी?” तिथे ती अडखळली. मोहित अडखळला नाही. निकाल लागला : मोहित साठ, वेदिका अठ्ठावन्न.

फाटकाशी मामा उभे होते. वेदिकाचे डोळे भरून आले. दोन महिन्यांचं ते काम आता मोहितचं होतं, आणि ते आपल्याच तोंडाने आपण घालवलं असं तिला वाटत होतं. मामांनी खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्या हातात दिला.

“मागं बसून मीही गुण देऊन राहिलो होतो. सवय.”

कागदावर लिहिलं होतं : वेदिका एकाहत्तर, मोहित साठ.

“तुले पाह्यल्याबरोबर ओळखलं होतं म्या. तरी गप्प राह्यलो. म्हटलं, तीस वर्षं खुर्चीवर काढली, आपलं मन काय ढळते?” मामांनी मान हलवली. “शेवटच्या प्रश्नाले तू पार आपटली, बाई. म्या तिथं एक गुण नाही कापला. इमानदारीनं देऊन राहिलो, असंच वाटत होतं मले.”

वेदिकाने कागद पुन्हा वाचला. मग कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि तिला हसू फुटलं.

“म्हणजे मामा, माही हरकत बरोबर होती.”

“सोळा आणे बरोबर.”

तेवढ्यात फोन वाजला. प्रेमिलाला दम निघत नव्हता.

“हरली मी, आई,” वेदिका म्हणाली. “पण मामाले खुर्चीवरून उठवलं, थे बरोबर केलं. मी नाही म्हणत, मामाच सांगून राहिले. घे, बोल त्यायच्याशी.”

आणि तिने फोन मामांच्या हातात दिला.