अनुमोदनाला कोण?

“तो चहा घेतोय,” चिटणीसबाई धापा टाकत जिना चढून आल्या आणि दार लावून घेत म्हणाल्या. “साखर कमी, म्हणाला. फार सज्जन वाटतो हो.”

“सज्जन असो नाहीतर दुर्जन, तुम्ही त्याला सांगितलंत काय?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“म्हटलं, कमिटीची मीटिंग चालू आहे, संपली की सांगते. पोलीस आणीन वगैरे काही म्हणाला नाही. फक्त चौकी कुठे आहे, ते विचारलं.”

टेबलाभोवतीच्या सगळ्यांची नजर मधल्या दाराकडे गेली. त्या दाराआडच्या खोलीत पाहुणी बसली होती. तिच्या देशात बायकांना कॉलेजात शिकवायची बंदी झाली, तेव्हा रसायनशास्त्राची ही प्राध्यापिका घरातून निघाली, आणि एका देशातल्या पदवीधर महिला संघाने दुसऱ्या देशातल्या संघाच्या हाती सोपवत तिला इथल्या शाखेपर्यंत आणलं. पुढच्या देशातल्या विद्यापीठात तिची जागा पक्की झाली होती. शेजारच्या शहरातल्या शाखेची गाडी तिला विमानतळावर न्यायला निघालीही होती. आणि गाडीच्या आधी तिचा थोरला भाऊ येऊन खाली वाचनालयात बसला होता.

जगभरातल्या स्त्रियांच्या हक्कांविषयी याच टेबलावर आजवर ढिगाने ठराव झाले होते. दूरदूरच्या सरकारांना खडसावताना एकीचीही जीभ कधी अडखळली नव्हती. पण ती सरकारं काही खाली बसून बिस्किट खात नव्हती.

“मी ठराव मांडते,” खजिनदारबाई म्हणाल्या. “पाहुणी इथे आहे हे तिच्या भावाला सांगावं. पुढचं बहीणभावांनी आपसांत ठरवावं. घरातली बाब आहे, आपण मध्ये पडू नये.”

“अनुमोदन?” अध्यक्षबाईंनी विचारलं, पण कुणाकडे बघितलं नाही. चिटणीसबाईंनी नाव लिहायला सुरुवातही केली.

टेबलाच्या टोकाला बसणाऱ्या बाईंना सगळ्या अनुमोदनताईच म्हणत. मुलींच्या शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. ठराव कुणीही मांडो, अनुमोदन त्यांचं. वाद नाही, भाषण नाही. मान हलली की काम झालं. घरीही तेच. तिथे ठराव नवरा मांडायचा, एवढाच काय तो फरक. मीटिंगहून परतल्यावर तो हसत विचारायचा, “काय, आज कशाला मान डोलावलीत?” आणि त्याही हसायच्या.

आज मान हलेना. ताईंना त्यांचा दादा आठवत होता. त्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना तो असाच होस्टेलवर त्यांना न्यायला आला होता. स्थळ चांगलं होतं. दादाही चांगलाच होता, येताना मिठाईचा डबा घेऊन आला होता. मेट्रनने त्याला चहा दिला, वर येऊन म्हणाली, “बाळ, तुझे भाऊ आलेत, सामान बांध,” आणि स्वतःच्या हाताने ट्रंकेची कडी लावून दिली. कुणीही वाईट वागलं नव्हतं. म्हणून तर ताईंना कधी कुणावर रागावताच आलं नाही.

“तुमचं नाव लिहिते हं,” चिटणीसबाई म्हणाल्या.

“नका लिहू.”

“अहो, नेहमीसारखंच.”

“खोडा ते. माझं अनुमोदन नाही.”

खजिनदारबाईंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. “मग तुम्ही द्या.”

“मी हात वर करीन,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण नाव नको बाई. उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं, तर जन्मभर ते माझ्या नावाने राहायचं.”

“माझा जावई तिकडच्याच कंपनीत आहे,” चिटणीसबाई घाईने म्हणाल्या. “मला तर विचारूच नका.”

ठराव सगळ्यांना हवा होता आणि त्याखाली नाव मात्र एकीलाही नको होतं. इतकी वर्षं आपलं नाव कशासाठी वापरलं जात होतं, ते ताईंना आत्ता उमगलं, आणि त्यांच्या कानशिलांपर्यंत संताप चढला.

“अनुमोदक नाही, तर ठराव मताला येत नाही,” अध्यक्षबाई अखेर म्हणाल्या. त्यांचा आवाज सुटका झाल्यासारखा वाटला.

“पण त्याला खाली सांगणार कोण?” खजिनदारबाईंनी विचारलं.

“मी जाते,” ताई म्हणाल्या. “गाडी आली की डॉक्टरीणबाई, तुम्ही तिला मागच्या जिन्याने उतरवा. यात तरी नाव लागत नाही ना?”

खाली उतरून त्यांनी एक खुर्ची ओढली, जिन्याच्या तोंडाशी आडवी ठेवली आणि तिच्यावर बसल्या. भाऊ उठून उभा राहिला. तो त्यांची भाषा स्वच्छ बोलत होता. तरुणपणी याच गावात शिकायला होता म्हणे.

“बहीण वर आहे ना?”

“आहे. तिला यायचं नाहीये.”

“आई जेवत नाही तिच्यामागे. मला बाहेर तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मी काय वैरी आहे का तिचा?”

“नाही हो. दादा कधी वैरी असतो का?”

“तुम्ही कोण इथल्या? अध्यक्ष?”

“छे! साधी सभासद.”

तेवढ्यात मागच्या गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला, पाठोपाठ वर कसलीशी धावपळ. भावाने कप खाली ठेवला आणि सरळ खुर्चीपाशी आला.

“बाजूला व्हा.”

खुर्ची उचलून बाजूला ठेवायला त्याला काय लागणार होतं? त्याने खुर्चीच्या पाठीला हात घातलासुद्धा. त्या हलल्या नाहीत. गाडीचं दार आपटलं, इंजिन गुरगुरलं आणि आवाज गल्लीतून लांब गेला. त्याचा हात आपोआप सुटला.

“वाटोळं केलंत तिचं,” तो म्हणाला.

“माझा दादाही असाच न्यायला आला होता मला. होस्टेलवर. मी गेले त्याच्याबरोबर.”

मग अगदी मनापासून, जणू त्यालाही उत्तर हवंच होतं, त्याने विचारलं, “मग काय बिघडलं? लग्न झालं असेल, संसार झाला असेल. सुखात आहात ना?”

हे कुणीही विचारलं की ताई हो म्हणायच्या. दादाला म्हणाल्या होत्या, नवऱ्याला म्हणाल्या होत्या, लेकीलाही. तेच उत्तर आताही जिभेवर आलं.

“नाही,” त्या म्हणाल्या.

आणि ते एकदा मोठ्याने बोलून झाल्यावर त्यांना रडू आवरेना. भाऊ तसाच समोर उभा होता. वरून त्यांना कुणीतरी हाका मारत होतं, पण त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत.